सोलापुरातील विनोदी रहस्यकथा : चादर चोरीला जाते, पण अक्कांनी तपास का करावा?

प्रश्न : पेठेतील लेखिका

नमस्कार. सोलापूरच्या पार्श्वभूमीवर मी एक विनोदी रहस्यकथा लिहीत आहे. तिच्यात खून नाही आणि पिस्तूलही नाही. साखर पेठेतील एक जुना वाडा, त्या वाड्यातील भजनी मंडळ आणि जानेवारीच्या थंडीत नाहीशी झालेली एक चादर, एवढाच कथेचा ऐवज आहे. तपास करणाऱ्या अक्कांचा पोलीस खात्याशी काहीही संबंध नाही. छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची उलटी कोरलेली धातूची अक्षरे, जुळवण्यात आणि प्रुफे तपासण्यात त्यांची हयात गेली असून आता त्या घरीच असतात. छापखाना बंद पडला तरी त्यांचा लाल पेन थांबलेला नाही. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे फलक, इतकेच नव्हे तर भाजीवाल्याने खडूने लिहिलेले भावसुद्धा त्या येता-जाता दुरुस्त करतात, आणि त्यामुळे वाड्यातील माणसे त्यांना जितकी मानतात तितकीच टाळतात.

कथानक थोडक्यात असे आहे. मंडळाला पंचवीस वर्षे पूर्ण होत असल्याने एका वयोवृद्ध बुवांचा सत्कार ठरतो आणि त्यासाठी मंडळाचे नाव विणलेली खास जेकार्ड चादर, म्हणजे मागावरच नक्षी विणली जाणारी चादर, करून घेतली जाते. सत्काराच्या आदल्या संध्याकाळी ती मंडळाच्या कपाटातून गायब होते. पुढे वाड्याच्या व्हॉट्सॲप गटावर हुरडा पार्टीचे एक छायाचित्र येते. त्यात आगटीशेजारी अंथरलेल्या चादरीचा कोपरा दिसतो आणि त्यावरची अक्षरे उलटी दिसतात. तरुण मंडळी म्हणतात की हा सेल्फी आहे, सेल्फीत सगळे उलटेच येते. अक्कांनी मात्र खिळ्यांवरची उलटी अक्षरे आयुष्यभर वाचलेली असल्यामुळे त्या ओळ सरळ वाचून टाकतात आणि चादर मंडळाचीच असल्याचे सांगतात.

चोर कोण, हे मी ठरवले आहे. मंडळात पखवाज वाजवणारे एक आचारी आहेत, ते मंगल कार्यालयांत स्वयंपाकाची कामे घेतात, आणि चादर त्यांनीच नेलेली आहे. पण त्यांनी ती का न्यावी, याचे समाधानकारक कारण मला सापडत नाही. लोभ हे कारण मला नको आहे, कारण शेवटी हा माणूस वाचकाला आवडला पाहिजे. दुसरी अडचण अशी की चोरी झाली की माणसे पोलिसांकडे जातील; मग अक्कांनी मध्ये पडण्याचे प्रयोजन काय? तिसरी अडचण सर्वांत अवघड वाटते. अक्का पाटी दुरुस्त करतात तेव्हा वाचणारे हसतात, परंतु तपास सुरू झाला की हसू थांबते आणि तपास थांबला की पुन्हा हसू सुरू होते. विनोद आणि रहस्य यांचे दोन वेगळे संसार झाले आहेत. ते एकत्र कसे आणावेत?

उत्तर : काळा कोट

आपल्या दुसऱ्या अडचणीचे उत्तर कायद्यातच तयार आहे, आणि ते इतके सोयीचे आहे की विनोदी लेखकांनी त्याचा अद्याप फायदा कसा घेतला नाही याचे मला आश्चर्य वाटते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्ये साध्या चोरीची शिक्षा सांगताना असे म्हटले आहे की, चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा द्यावी. या पाच हजारांखालच्या चोरीचा गुन्हा अदखलपात्र आहे. म्हणजे आपण ठाण्यात गेलात तर अंमलदार नोंद करून घेतील, त्या नोंदीची प्रत देतील आणि दंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सुचवतील; फौजदारी प्रक्रिया सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना अशा गुन्ह्याचा तपासच करता येत नाही. एका चादरीसाठी भजनी मंडळ न्यायालयात जाणार नाही. त्यामुळे अक्कांना मोकळे मैदान मिळते, आणि ठाण्यातून मिळालेल्या नोंदीच्या प्रतीवरही त्यांनी लाल पेन चालवला तर मला व्यक्तिशः फार आनंद होईल.

मात्र आपण लिहिलेल्या रूपात हे जमणार नाही. चादर मंडळाच्या कपाटातून गेली आहे आणि ते कपाट वाड्यात आहे. माणसांच्या राहत्या इमारतीतून किंवा मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतून केलेली चोरी कलम ३०५ खाली येते. तिथे किमतीचा प्रश्न उरत नाही, शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते आणि गुन्हा दखलपात्र होतो. तसे झाले तर आपल्या कथेत फौजदार येतील, पंचनामा होईल आणि अक्का साक्षीदारांच्या यादीत जाऊन बसतील. तेव्हा कृपया चादर कपाटातून चोरू नका. रिक्षातूनही चोरू नका, कारण प्रवासी किंवा माल वाहून नेणाऱ्या वाहनातून केलेली चोरीही त्याच कलमात आहे. ती रस्त्याकडेच्या पिंपळाच्या कट्ट्यावरून, उघड्यावरून, चारचौघांच्या देखत जाऊ द्या.

आणखी एक गोष्ट. आचारी हे मंडळाचे खजिनदार किंवा चादर सांभाळण्याची जबाबदारी असलेले पदाधिकारी नसावेत. विश्वासाने सोपवलेली वस्तू सांभाळणाऱ्यानेच लाटली तर तो फौजदारीपात्र न्यासभंग होतो आणि पोलीस पुन्हा कथेत शिरतात. पखवाजवादक हे पद मला कायद्याच्या दृष्टीने अत्यंत निर्धोक वाटते.

उत्तर : जेकार्डवाला

ताई, आमचा माग आमच्या आजोबांपासून चालत आला आहे, त्यामुळे चादरीविषयी दोन शब्द सांगण्याचा मला अधिकार आहे असे मी समजतो. छायाचित्राची आपली कल्पना चांगली आहे, पण आपण चादरीकडून अर्धेच काम करून घेतले आहे.

आपल्या जेकार्ड चादरीत दोन रंगांचे धागे असतात आणि नक्षीच्या ठिकाणी ते आपापली बाजू बदलतात. म्हणून एका बाजूस तांबड्या जमिनीवर पांढरे फूल असेल तर पालथ्या बाजूस तेच फूल पांढऱ्या जमिनीवर तांबडे उमटते. दोन्ही बाजू नीटनेटक्या असतात आणि गिऱ्हाइकाला वाटेल ती बाजू वर घेता येते. पण नाव विणले असेल तर ते एकाच बाजूने सरळ वाचता येते. दुसऱ्या बाजूने आरशात पाहिल्याप्रमाणे उलटे दिसते. म्हणजे छायाचित्रातील अक्षरे उलटी असण्याची दोन कारणे संभवतात. एक तर मोबाइलने छायाचित्र उलटवले असेल, नाहीतर चादर पालथी अंथरली असेल. या दोहोंतले खरे कोणते, हे रंगावरून ठरते. मोबाइल अक्षरे उलटवील, पण तांबड्याचे पांढरे करणार नाही. विणकराने ‘तांबड्यावर पांढरे नाव’ असे सांगितले असेल आणि छायाचित्रात पांढऱ्यावर तांबडे नाव दिसत असेल, तर चादर पालथी आहे आणि सेल्फीची सबब खोटी आहे. पडताळा म्हणून अक्कांनी चित्रातील पुरुषांच्या सदऱ्याची बटणे पाहावीत. पुरुषांच्या सदऱ्याला बटणे घालणाऱ्याच्या उजव्या अंगाला असतात. ती तशीच दिसत असतील तर चित्र उलटलेले नाही.

ही गोष्ट रहस्याला दुसऱ्या रीतीनेही उपयोगी पडते. कट्ट्यावर चादर पाहणाऱ्या दोन साक्षीदारांपैकी एक म्हणेल की ती तांबडी होती, दुसरा शपथेवर सांगेल की पांढरी होती, आणि दोघेही खरे बोलत असतील. ज्याने सोलापुरी चादर पांघरली आहे त्या वाचकालाही हे लगेच सुचणार नाही, कारण रोज अंगावर असलेली वस्तू कोणी निरखून पाहत नाही. बाजारात सोलापुरी म्हणून बाहेरचा मालही पुष्कळ विकला जातो. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण त्यामुळे नक्कल थांबलेली नाही. त्यातली छापील नक्षीची एखादी चादर घालून आपण वाचकाची दिशाभूल करू शकाल. ती उलटून पाहिली की नक्कल उघडी पडते.

आता एक आक्षेप. कार्डांच्या मागावर नाव घातलेली एकच चादर सहसा कोणी विणून देत नाही. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात आणि तिच्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडतात. ती कार्डे दोऱ्याने ओवून जेकार्डवर चढवतात. भोक असेल तिथली सुई आत जाते, तिचा आकडा वर उचलला जातो आणि त्याबरोबर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा पडला की पुढचे कार्ड येते. फ्रान्समधील जेकार्ड या गृहस्थाने १८०४ साली हे यंत्र सिद्ध केले, त्याचे तत्त्व आजही तेच आहे. हल्ली नक्षी संगणकावर काढतात, आणि इलेक्ट्रॉनिक जेकार्डवर तर पुठ्ठ्याची कार्डेही लागत नाहीत. पण कार्डांच्या मागावर नावाची एक ओळ म्हणजे पुष्कळ कार्डे. एवढा खटाटोप एका नगासाठी करणे कोणालाही परवडत नाही, आणि आम्ही तर डझनाच्या खाली हातच घालत नाही. तेव्हा आपल्या कथेत अशा बारा चादरी असल्या पाहिजेत. बाकीच्या अकरा कुठे गेल्या, याचा विचार आपण केलेला दिसत नाही.

उत्तर : मागच्या बाकावरील वाचक

वरील दोन्ही उत्तरांमुळे माझे काम सोपे झाले आहे. आचाऱ्यांनी चादर का चोरली, याचे उत्तर जेकार्डवाल्यांच्या कार्डांत आणि अक्कांच्या लाल पेनात आहे.

मंडळाचे नाव विणायला देताना मजकूर कोणीतरी कागदावर लिहून दिला असणार. तो आचाऱ्यांनी लिहिला असे समजा. या माणसाने जन्मभर याद्या केल्या, दर लिहिले, कार्यालयांच्या व्यवस्थापकांना चिठ्ठ्या पाठवल्या, आणि त्या प्रत्येक कागदावर ‘भोजन’ हा शब्द लिहिला. घाईत त्यांच्या हातून ‘भजनी मंडळ’ ऐवजी ‘भोजनी मंडळ’ असे लिहिले गेले. चौकटीच्या कागदावर तेच उतरले, कार्डांना तशीच भोके पडली आणि मागाने ते निमूटपणे विणले. पंचवीस वर्षे टाळ कुटणाऱ्या मंडळाच्या चादरीवर, रेशमासारख्या चमकत्या अक्षरांत, ‘भोजनी मंडळ’ असे नाव आले. खजिनदारांनी चादर घडी घातलेलीच आणली, इतरांनी फुले पाहून वाहवा केली, नाव कोणी नीट वाचले नाही. अक्का ते वाचणार होत्या. सत्कारापूर्वी एकदा अक्कांच्या नजरेखालून जाऊ द्या, असे कोणीतरी म्हणाले आणि आचाऱ्यांच्या पोटात गोळा आला.

म्हणजे चोरी अक्कांमुळे झाली. त्यांनी ती केली नाही, पण त्यांची ख्याती नसती तर चादर चोरीला गेलीच नसती. इंग्लंडमधील धर्मगुरू आणि रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते. तपास करणाऱ्यानेच गुन्हा करू नये, असा त्यांतला एक नियम आहे. येथे तो मोडत नाही, फक्त किंचित वाकतो, आणि असा वाकवणे मला योग्य वाटते. त्यांचेच आणखी दोन नियम आपण मात्र काटेकोरपणे पाळावेत. गुन्हेगार कथेच्या आरंभीच वाचकाच्या ओळखीचा झाला पाहिजे, आणि तपास करणाऱ्याच्या हाती लागलेला प्रत्येक दुवा वाचकासमोरही लगेच ठेवला पाहिजे. अक्कांनी ओळ उलटी वाचली, एवढे सांगून भागणार नाही. त्यांनी काय वाचले, तेही सांगावे लागेल. मात्र चादरीची घडी अशी पडलेली असू द्या की छायाचित्रात फक्त ‘नी मंडळ’ एवढेच दिसेल. त्यामुळे वाचकाला फसवल्यासारखे होणार नाही आणि गुपितही राहील.

यावरून आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. विनोद आणि रहस्य वेगळे पडतात, कारण अक्कांचे पाट्या दुरुस्त करणे हा सध्या केवळ त्यांचा स्वभाव आहे, कथेचा दुवा नाही. वाचक ज्या जागी हसतो, त्याच जागी दुवा लपवावा. हसणारा माणूस सावध नसतो. पहिल्याच प्रकरणात अक्का आचाऱ्यांची एक चिठ्ठी दुरुस्त करतात असे दाखवा. भजनाच्या कार्यक्रमाची वेळ कळवणारी ती चिठ्ठी असावी, तीत ‘आज रात्री भोजन, सर्वांनी टाळ घेऊन यावे’ असे लिहिलेले असावे, आणि मंडळातील निम्मी माणसे टाळ विसरून उपाशी पोटी आलेली असावीत. वाचक हसेल आणि पान उलटेल. पुढे उलगडा झाल्यावर तो मागे जाऊन तेच पान पुन्हा वाचेल. मला स्वतःला रहस्यकथेत हीच गोष्ट सर्वाधिक आवडते. पाठलाग आणि बंद खोल्या यांत माझे मन रमत नाही.

एक मतभेदही नोंदवतो. आपल्या अक्का कधी चुकतच नाहीत असे दिसते. जी बाई प्रत्येक पानावर बरोबर असते, तिचे कौतुक होते, पण तिच्यावर हसता येत नाही आणि काही वेळाने तिचा कंटाळा येतो. अक्कांनी निदान एकदा आपल्याच विद्येमुळे ठेच खाल्ली पाहिजे. त्या सर्व संशयितांकडून लेखी जबाब घेतात, प्रत्येक जबाब लाल पेनाने तपासतात, आणि ज्याचा जबाब एकही चूक नसलेला निघतो त्याच्यावरच संशय घेतात, कारण वाड्यात शुद्ध लिहिणारा माणूस असूच शकत नाही अशी त्यांची खात्री आहे. तो बिचारा मुलीकडून लिहून घेऊन आलेला असतो. या एका प्रसंगात विनोदही आहे आणि तपासही आहे.

उत्तर : होम मैदान

आपण जानेवारी महिना निवडलाच आहे, तर गड्ड्याच्या यात्रेला वगळून सोलापुरातली कथा लिहिता येणार नाही. संक्रांतीच्या आसपास श्री सिद्धेश्वरांच्या यात्रेत पहिल्या दिवशी मानाचे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, ६८ लिंगांच्या तैलाभिषेकासाठी निघतात, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, तिसऱ्या दिवशी होमविधी, त्यानंतर शोभेचे दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह झाला, त्याचा हा सोहळा आहे, हे बाहेरगावच्या वाचकासाठी आपल्याला एखाद्या वाक्यात सांगावे लागेल.

काळा कोट यांनी चादर उघड्यावरून न्यावी असे सुचवले आहे, त्याला मुहूर्त मी सुचवतो. पहिल्या दिवशी नंदीध्वजांच्या मार्गावरील एखादा चौक निवडा. मंडळाची माणसे कट्ट्यावर बसली आहेत, अक्का येतील तेव्हा त्यांना दाखवावी म्हणून चादर शेजारी ठेवली आहे, आणि तेवढ्यात नंदीध्वज येतात. सगळे उठतात, हात जोडतात, एकाच दिशेला पाहतात. पुन्हा खाली पाहतात तेव्हा चादर नसते. समोरच्या गच्चीवरून एका मुलाने चादर नेणाऱ्याला पाहिलेले असते आणि तो ठामपणे सांगतो की त्या माणसाने पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांचा पारंपरिक अंगरखा, घातली होती. त्या दिवशी रस्त्यावर पांढऱ्या बाराबंदीतील माणसे हजारोंनी असतात. असा प्रामाणिक आणि असा निरुपयोगी साक्षीदार आपल्याला अन्यत्र मिळणार नाही. बाराबंदीवर तेलाचा डाग होता, असेही तो सांगेल; पण तैलाभिषेकाच्या दिवशी तेलाच्या डागावरून काय सिद्ध होणार? हळदीचा डाग असेल तर मात्र अक्कांनी थांबून विचार करावा.

माझी विनंती एवढीच आहे की हसू माणसांचे व्हावे, विधीचे होऊ नये. नंदीध्वज पेलणाऱ्यांचा सराव आणि त्यांची निष्ठा या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. तसेच १२ जानेवारी हा चार हुतात्म्यांचा दिवस आहे. १९३१ साली त्या तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी देण्यात आली. कथेतील तारखा जुळवताना विनोदी प्रसंग त्या दिवशी येणार नाही एवढे पाहावे.

भाषेबद्दल थोडेसे. वाड्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारी माणसे एकत्र असतील तर अक्कांचा लाल पेन फक्त मराठीवर चालतो, हे दाखवणे पुरेसे आहे. शेजारच्या तेलुगू आजींनी त्यांना सुनवावे की आमची पाटी तुम्हाला वाचता येत नाही म्हणून ती बिनचूक आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर : पेठेतील लेखिका

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत की आभार कसे मानावेत हे कळत नाही. कपाट काढून टाकले आहे, कट्टा आणि बाराबंदी घेतली आहे. ‘भोजनी मंडळ’ तर मी आजच लिहून काढले; लिहिताना मलाच इतके हसू आले की घरातील माणसे चौकशी करून गेली. तेलुगू आजींना दुसरे प्रकरण पूर्ण दिले आहे.

अकरा चादरींचे मात्र काय करावे? आचाऱ्यांना त्या मंडळापर्यंत पोहोचू द्यायच्या नसतील तर त्यांनी त्या लपवायला हव्यात. पण बाराही चादरी त्यांनी चोरल्या तर किंमत पाच हजारांच्या वर जाईल, आणि काळा कोट यांनी मोठ्या कष्टाने कथेबाहेर काढलेले फौजदार परत येतील. शिवाय हुरड्याच्या छायाचित्रातील चादर चोरीचीच कशी, असा प्रश्नही आता उभा राहतो. आचारी इतके बेसावध असतील असे वाटत नाही.

उत्तर : जेकार्डवाला

ताई, छायाचित्रातील चादर चोरीची नसावीच. पहिला नग खजिनदाराने नेला, त्यावरून आचाऱ्यांना चूक कळली, आणि दुसऱ्याच दिवशी ते कारखान्यात जाऊन उरलेल्या अकरा चादरी घेऊन आले. लपवायला त्यांच्याजवळ मोठी पातेली आहेत, सामानाची खोली आहे, लग्नसराईत भरून जाणारे टेम्पो आहेत. अकरा चादरी अकरा ठिकाणी ठेवल्या की त्यांतली एखादी बाहेर येणारच. हाताखालच्या पोराला पातेल्यावर टाकलेली चादर दिसली, त्याने ती हुरड्याला नेली आणि घाईत पालथी अंथरली. अक्कांनी अक्षरे बरोबर वाचली, बाजू बरोबर ओळखली, नाव बरोबर ताडले, आणि तरीही चादर चुकीची निघाली. मागच्या बाकावरील वाचकांना अक्का एकदा ठेचकाळायला हव्या होत्या, त्यांची सोय येथे होते.

खरी चादर आचाऱ्यांच्या अंथरुणात, सुलट बाजू आत घेऊन शिवलेल्या गोधडीत असू द्या. विणकराच्या घरची बाई ती गोधडी हातात घेताच वजनावरून ओळखील की आत जेकार्ड आहे. अक्कांना तेवढी मदत कोणाकडून तरी घ्यावी लागेल. मात्र आत चादर असल्याचे कळले तरी पुरावा हवा असेल तर शिवण उसवावी लागेल, आणि ती आचाऱ्यांच्या पत्नीने घातलेली असेल. त्या प्रसंगाचे संवाद मी आपल्यावर सोपवतो.

उत्तर : काळा कोट

अकरा चादरींबाबत काळजी करू नये. चोरी होण्यासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून, त्याच्या संमतीवाचून आणि अप्रामाणिक हेतूने न्यावी लागते. आचाऱ्यांनी कारखानदारास रोख रक्कम देऊन चादरी विकत घेतल्या, त्याची पावती घेतली आणि त्या आपल्या खोलीत ठेवल्या, तर तो निव्वळ खरेदीचा व्यवहार आहे. भोजनी मंडळाच्या अकरा चादरी बाळगणे हा कोणत्याही संहितेत गुन्हा नाही. उलट ती पावती आपल्याला उपयोगी पडेल. तिच्यावर ग्राहकाचे नाव आणि मालाचा तपशील येणार, आणि तो तपशील कारखान्यातील कारकुनाने चादरीवरून जसाच्या तसा उतरवलेला असणार. अक्कांच्या हाती ती पावती पडली की त्या सवयीने आधी लाल पेन काढतील, ‘भोजनी’वरची मात्रा आणि काना खोडतील, आणि आपण काय खोडले हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागेल.

पावतीवर वस्तू व सेवा कराची रक्कम दाखवण्यास विसरू नका, नाहीतर वाचकांपैकी एखादा सनदी लेखापाल आपल्याला पत्र लिहील.